मुलं घरी शिकतात आणि घरच्यांना ते पटत नाही : तुमचे अनुभव लिहा

लेकीला यंदा पहिलीत घातलं नाही, घरीच शिकवतोय. आम्हा नवरा-बायकोचं एकमत आहे, बाकी सगळं घर विरोधात. सासरे जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा त्यांना आपल्या उभ्या नोकरीचाच अपमान वाटतो. लग्नाकार्यात कुणी "कितवीत आहेस गं?" विचारलं की पोरगी माझ्याकडे बघते आणि सासूबाई दुसरीकडे. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. तत्त्वज्ञान नको, घरात नेमकं काय बोललात आणि पुढे काय झालं ते सांगा.

पुण्याहून

माझे वडीलही मास्तरच. सुरुवातीला सगळी भांडणं कायद्यावरून. अण्णा म्हणायचे, शिक्षणहक्क कायदा आहे, उद्या पोलीस येतील दारात. मी म्हणायचो, २००९चा कायदा सरकारला बांधतो, आपल्याला नाही. प्रत्यक्षात त्यातल्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातलं तर शिक्षा काय, हे सांगितलेलं नाही. त्यामुळे नातेवाइकांना 'पूर्ण कायदेशीर आहे' असं ठणकावून सांगू नका. एखादा वकील मेहुणा निघतोच.

अण्णांची खरी भीती पोलिसांची नव्हतीच, दाखल्याची होती. हे कळल्यावर वाद बंद केला आणि एनआयओएसची, म्हणजे रोज शाळेत न जाता जिथून परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त शाळेची, माहितीपुस्तिका छापून त्यांच्या टेबलावर ठेवली. तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे तीन स्तर, मग वयाला चौदा पूर्ण झाली की दहावी. पेन्सिलीने खुणा करत सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मराठी व्याकरण मी घेईन. तुझं कच्चं आहे." आता रोज सकाळी नातवाची हजेरी घेतात. मुलगा एकच, तरी "उपस्थित" म्हणावं लागतं! आम्ही शाळा टाळली ती घरात आली खरी, पण अण्णा पाहुण्यांसमोर आता आमची बाजू घेतात.

कोल्हापूर, एकत्र कुटुंब

आमच्याकडे सासू-सासऱ्यांपेक्षा जाऊबाईंना जास्त लागलं. "आम्ही काय पोरं कोंडवाड्यात घालतोय व्हय?" मी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण त्यांची मुलं शाळेत जातात म्हटल्यावर आमच्या निर्णयातून त्यांना तेच ऐकू येणार. मग घरात शिक्षणाचा विषयच काढायचा नाही असं ठरवलं. दुपारी त्यांची मुलं आली की आमची वह्या-पुस्तकं बंद, सगळी पोरं मिळून अंगणात. पुढे मुलालाच शाळेत जावंसं वाटलं. वयानुसार थेट चौथीत प्रवेश मिळाला, तोही त्याच शिक्षणहक्क कायद्यामुळे. सासरच्यांना वाटतं ते जिंकले. वाटू दे.

न्यू जर्सी

इथे शाळेला कळवण्याचंही बंधन नाही. सगळी चौकशी सांगलीहून, व्हिडिओ कॉलवर. "एवढं शिकून परदेशात गेलात ते पोरीला घरी बसवायला?" मी उत्तरं द्यायचं सोडलं. दर रविवारी लेक आजीला आठवड्यात वाचलेलं काहीतरी मराठीत सांगते. आईचा विरोध आहे तिथेच आहे, पण हल्ली तिची मुख्य तक्रार नातीच्या 'ळ'च्या उच्चाराची असते.

जर्मनी

आमचा प्रश्नच मिटला. इथे शाळेत जाणं सक्तीचं, घरी शिकवणं चालत नाही. हे कळल्यापासून सासूबाईंना जर्मनी फार आवडायला लागलंय.

नाशिक

मुलगा मुक्त शाळेतून दहावी झाला. तिथली नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटे देता येतात, म्हणून झेपतील तसे दिले. आत्याने भावकीत सांगितलं, "एकेक विषय देतोय म्हणजे नापास होतोय." बायको चिडली होती, पण आत्याला फोन करून भांडलो असतो तर ती बातमी आणखी चार घरांत गेली असती. गुणपत्रिका हातात आल्यावर पेढे घेऊन आधी तिच्याकडेच गेलो. गुणपत्रिका तिने चष्मा लावून दोनदा वाचली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरं झालं. मग आता अकरावीला तरी कॉलेजात घालणार ना?"