भाचा अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचा 'ॲनालिस्ट' झालाय म्हणतो, हे काय काम असतं?

रावेरचा_मामा:
राम राम मंडळी. भाचा एमएसला अमेरिकेत आहे, डेटाचा कोर्स, आता म्हणतो युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममध्ये स्टुडंट ॲनालिस्ट म्हणून लागलो. फुटबॉल म्हणजे तो हेल्मेटवाला, बॉल हातात धरून पळतात तो. पोराने आयुष्यात तो बॉल हातात धरला नाही, जळगावला होता तेव्हा फार तर गल्ली क्रिकेट. ताई रोज फोन करून मलाच विचारते की एवढं लोन काढून पोराला व्हिडिओ बघायला पाठवलं का, भाऊजी तर बोलतच नाहीत. हे खरं काम आहे का टाइमपास, पैसे देतात का, पुढे काही होतं का?

भुसावळ_ते_डॅलस:
मामा, खरं काम आहे आणि बेक्कार मेहनतीचं आहे. तिथे हेड कोच आणि १० असिस्टंट कोच एवढ्यांनाच मैदानात खेळाडूंना शिकवायची परवानगी होती (२०१८ च्या आधी तर ९ च). पण ऑफिसात किती माणसं बसवायची याला तसं बंधन नाही, मग पैसेवाल्या कॉलेजांनी खोल्याच्या खोल्या भरल्या. अलाबामा युनिव्हर्सिटीचा तेव्हाचा हेड कोच निक सेबन यात उस्ताद, नोकरी गेलेले मोठमोठे कोच त्याच्याकडे ॲनालिस्ट म्हणून येऊन बसायचे. स्टीव्ह सार्किसियन २०१६ मध्ये असाच आला, आणि जानेवारी २०१७ च्या फायनलला ऐनवेळी पूर्ण ऑफेन्स (हल्ल्याची बाजू) त्याच्या हातात दिला. क्लेमसनकडून ३५-३१ ने हरले ते सोडा, आज तो टेक्सासचा हेड कोच आहे. २०२४ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियम करणारी संस्था) नियम सैल केला, आता ॲनालिस्टही मैदानात शिकवू शकतो, फक्त कॅम्पसबाहेर जाऊन पोरं भरती करायचं काम त्या ११ जणांचंच.

पण हे मोठ्या ॲनालिस्टचं झालं, तुमचा भाचा त्याच पाटीखाली सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. त्याच्यासमोर पुढे ज्यांच्याशी खेळायचं त्या टीमच्या जुन्या मॅचचा व्हिडिओ, एक कॅमेरा साइडलाइनचा (बाजूचा) एक मागून एंडझोनचा (मैदानाच्या टोकाचा), आणि प्रत्येक प्लेला (एका डावाला) थांबवून भरायचं की कितवा डाउन (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड बाकी, बॉल मैदानावरच्या कुठल्या हॅशवर (खुणेच्या रेघेवर), कोणते खेळाडू आत (एक रनिंग बॅक म्हणजे बॉल घेऊन पळणारा, आणि एक टाइट एंड म्हणजे अडवणारा नि पास झेलणारा, असे असतील तर त्याला ते '११ पर्सनेल' म्हणतात), फॉर्मेशन (उभं राहायची रचना) काय, रन का पास, निकाल काय. एका मॅचला एका टीमचे साठ-सत्तर प्ले, अशा चार-पाच मॅच. मग त्यातून निघतं की तिसऱ्या डाउनला सहा यार्ड बाकी असले की हे लोक कुठे फेकतात. कोच या आठवड्याच्या मॅचमध्ये बुडालेला असतो, ही पोरं पुढच्या आठवड्याची.

धुळे_सीए:
वरचं सगळं बरोबर असेल पण मी हिशोबाचं बोलतो. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि सीझनमध्ये असल्या कामाचे तास कधी वाढतील सांगता येत नाही, तेव्हा भाच्याने तास लिहून ठेवायचे. कुठे तासावर पैसे देतात कुठे नुसता टी-शर्ट आणि जेवण, आधी तेच विचारा. आणि कोच व्हायचं स्वप्न नको, तिथे बहुतेक खेळलेलेच वर जातात. त्याने एसक्यूएल, पायथनवर टेंडन्सीचं (समोरची टीम कधी काय खेळते याचं) मॉडेल बनवावं, ते कुठल्याही कंपनीत दाखवता येतं. शिकून झाल्यावर ओपीटीचे (काम करायच्या परवानगीचे) १२ महिने, कोर्स स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर अजून २४, तेवढ्यात नोकरी पकडायची आहे हे पण घरी सांगा.

चोपड्याची_वहिनी:
त्यात काही लफडं पण झालेलं ना मिशिगनला?

भुसावळ_ते_डॅलस:
हो वहिनी, कॉनर स्टेलियन्स. तोही ऑफ-फील्ड स्टाफच होता. पुढच्या टीमच्या मॅचला माणूस पाठवून त्यांच्या कोचच्या खाणाखुणा (मैदानाबाहेरून खेळाडूंना प्ले सांगायचे इशारे) टिपणं १९९४ पासून बंद आहे, हा तिकिटं काढून माणसं पाठवायचा, मोबाइलवर शूटिंग. नोव्हेंबर २०२३ मध्ये राजीनामा, २०२५ मध्ये त्याच्यावर ८ वर्षांची शो-कॉज शिक्षा (तेवढी वर्षं त्याला घेणाऱ्या कॉलेजला एनसीएएला कारण द्यावं लागतं). टीव्हीवर दिसतं ते बघून खुणा ओळखणं चालतं बरं का, जाऊन बघणं नाही. २०२४ पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आला, एका खेळाडूच्या कानात कोच बोलतो, तोही घड्याळात १५ सेकंद राहिले की बंद. भाच्याला सांगा कोणी म्हटलं जरा मॅच बघून ये, तर आधी कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियम सांभाळणाऱ्या) ऑफिसला विचार.

अमळनेर_कबड्डी:
हाई तं भारी काम शे भो! आमच्या पोरांना पण हेच पाहिजे. एक्सेलमध्ये काय काय भरू?

धुळे_सीए:
चढाई नंबर, चढाईपटू, डावीकडून का उजवीकडून, समोर किती जण, बोनस घेतला का, पकड घोट्याला का कमरेला, निकाल. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी (करो या मरो) चढाई असेल तर वेगळा रंग. व्हिडिओ कोर्टाच्या मागून उंचावरून घ्या, साइडने काही कळत नाही.

रावेरचा_मामा:
मंडळी, भाच्याला विचारलं, तासावर पैसे देतात म्हणे. ताईला म्हटलं पैसे मिळतात, तर म्हणते मग जेवतो का नीट. तासांचं त्याने अजून सरळ उत्तर दिलं नाही, आज रात्री पुन्हा फोन लावतो.