जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स: खान्देशकरांनो, तुमचा अनुभव लिहा

जळगाव (धागा सुरू करताना)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. आमचा डेस्कटॉप २०१५ सालचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो, आमच्या मशीनकडे दोन्ही नाही. दुरुस्तीवाल्यानं सरळ भंगाराचा भाव सांगितला. पण वडिलांनी तो माझ्या बारावीच्या वर्षी हप्त्यांवर घेतला होता, त्यांचं मन होईना.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, आणि मिंट, उबुंटू, डेबियन हे तिचे प्रकार. मी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. ही हलकी, जुन्या मशीनला झेपणारी. यातली मोठी सोय म्हणजे काहीही न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही. दोन दिवस तसंच वापरलं. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, प्रिंटर छापतो का, वडिलांना सातबारा काढता येतो का, हे सगळं तपासलं आणि मगच बसवलं. रॅम ४ जीबीच ठेवली, फक्त जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) घातली. आधी बटण दाबून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. आता अर्ध्या मिनिटात स्क्रीन समोर.

मशीन कोणतं, कुठे अडलं, कसं सुटलं, ते लिहा. सुरळीत झालेलं थोडक्यात चालेल, अडलेलं मात्र सविस्तर लिहा. पुढच्या माणसाला तेच कामाला येतं.

भुसावळ

माझं अडलं नाही, गेलं. तरीही लिहितो, कारण दुसऱ्या कुणाचं जाऊ नये.

रात्रपाळी करून आलो आणि झोपायच्या आधी हे उरकून टाकू म्हणून उबुंटू बसवायला घेतलं. एका टप्प्यावर विचारतात, विंडोजच्या शेजारी बसवायचं की पूर्ण डिस्क पुसून? मी पुसायचं निवडलं. माझी समजूत अशी की विंडोज ‘सी’त आहे, फोटो ‘डी’त आहेत, ‘डी’ला काही होणार नाही. पण सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन तुकडे. डिस्क पुसली म्हणजे दोन्ही गेले. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात होते.

लक्षात आल्यावर एक गोष्ट बरोबर केली, मशीन लगेच बंद केलं. नवीन काही लिहिलं गेलं नाही तर जुनं डिस्कवर तसंच पडून असतं, फक्त त्याची यादी गेलेली असते. मित्राच्या लॅपटॉपला ती डिस्क जोडली आणि फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. ते फाइलचं नाव बघत नाही, फाइलची सुरुवात कशी दिसते त्यावरून ओळखतं. त्यामुळे फोटो मिळतात पण नावं मिळत नाहीत. प्रत्येक फाइल म्हणजे एफ आणि पुढे नुसते आकडे. हळदीचा एक फोटो, त्यापुढे वीजबिलाचा स्कॅन, मग कुठल्यातरी वेबसाइटचं चिमुकलं चित्र, मग पुन्हा हळद. बहीण माहेरी आली तेव्हा दोन रविवार आम्ही शेजारी बसून ते वेगळे केले. पाठवणीचे फोटो नाही मिळाले. डिस्कच्या त्याच भागावर नवीन सिस्टिम लिहिली गेली होती.

बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मगच इन्स्टॉलर उघडा.

रावेर

भाऊ, तुमचं वाचून वाईट वाटलं.

माझा लॅपटॉप २०१२ चा. मिंट बसलं पण वायफाय दिसेना. ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) हवा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर वायफाय हवं, असा पेच. शेवटी मोबाइल चार्जिंगच्या वायरनं जोडला आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. लॅपटॉपला लगेच नेट मिळालं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्यानं सुचवलेला ड्रायव्हर बसवला, पुन्हा चालू केलं, वायफाय हजर. गावात केबलचं नेट नसेल तर ही युक्ती लक्षात ठेवा.

दुसरं घड्याळाचं. मी विंडोजही ठेवलं आहे. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलो की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. बॅटरी गेली समजून आतला सेलसुद्धा बदलला. कारण वेगळंच निघालं. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपल्यात अन् जागतिक वेळेत फरक साडेपाच तासांचा. लिनक्सला ‘तूही स्थानिक वेळ धर’ असं टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) एका ओळीत सांगता येतं. सांगितलं, मिटलं.

केळीचा हिशोब आता लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये. मृगबाग (पावसाळ्यातली लागवड) एका शीटवर, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) दुसऱ्या. घड किती, वजन किती, व्यापाऱ्यानं भाव काय दिला, येणं किती. जुन्या एक्सेलच्या फाइली जशाच्या तशा उघडल्या.

नंदुरबार

मे महिना, दुपारची वेळ, निम्मं बसून झालं आणि लाइट गेली. इन्व्हर्टर नव्हता. लाइट आल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ, चालू व्हायला काहीच नाही. शेजारच्या आजी खिडकीतून विचारतात, “काय व्हयनं भाऊ?” पेन ड्राइव्ह पुन्हा लावून पहिल्यापासून बसवलं, काही नुकसान झालं नाही, कारण डिस्क आधीच रिकामी करून घेतली होती. डेस्कटॉपवाल्यांनी पहाटे बसवावं. उन्हात कॅबिनेटही तापतं. आतली धूळ आधी ब्रशनं काढा.

धुळे

माझं टाइपसेटिंगचं दुकान, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो. लग्नपत्रिकांच्या पंधरा वर्षांच्या फाइली जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. ते युनिकोड (कुठल्याही मशीनवर देवनागरी देवनागरीच दिसावी अशी पद्धत) नाही. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी नुसता इंग्रजी कचरा. शिवाय माझ्या छोट्या लेझर प्रिंटरनं लिनक्सवर चार दिवस खाल्ले आणि कागद काही दिला नाही. म्हणून दुकानात एक मशीन विंडोजवर आहे, नेटला न जोडता. घरचं मशीन लिनक्सवर, मुलं त्यावर अभ्यास करतात. धंद्याचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर आधी पेन ड्राइव्हवरून तपासल्याशिवाय दुकानाचं मशीन बदलू नका. नवीन पत्रिका मात्र आता युनिकोडमध्येच करतो.

अमळनेर

शाळेतल्या जुन्या मशीनला २ जीबी रॅम, प्रोसेसर ३२ बिटचा. त्याला डेबियन १२ चाललं. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, ते बघून डाउनलोड करा. मुलांसाठी जीकॉम्प्री (लहान मुलांचे शिकायचे खेळ) टाकलं आहे. पहिली-दुसरीची मुलं माऊस धरायला त्यावरच शिकली.

शिरपूर

माझा लॅपटॉप नवीन आहे. शेजारी उबुंटू बसवायचं म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं, तर विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतंय. मी असं काही कधी ठेवलेलंच नाही. काय करू?

जळगाव

ताई, आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट होतं तसं चालू करा, बहुतेक वेळा विंडोज निमूट उघडतं. नाही उघडलं तर दुसऱ्या मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, ती की बऱ्याचदा तिथे जपलेली असते. विंडोज उघडलं की पहिलं काम, ती की कागदावर लिहून ठेवणं. मग बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, की तीच मागते) बंद करा, डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा आणि फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं ती सोय) बंद करा. उबुंटूला सिक्युअर बूट चालतं, ते बंद करायची सहसा गरजच पडत नाही.

शिरपूर

उघडलं! की वहीत उतरवली. बाकीचं रविवारी.

चोपडा

आईकडे कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या) गाण्यांची वही आहे, तिच्या आईच्या तोंडून उतरवलेली. कागद पिवळा पडून कडा झडायला लागल्या, म्हणून मी मिंटमध्ये मराठी कीबोर्ड लावून दिला. आई जुनी टायपिस्ट. मुळाक्षरांनुसार कळा मांडलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिला आठवड्यात जमला. शिफ्ट धरून एन दाबला की ळ, हे तिनं पाटीवर लिहून समोर टांगलं होतं.

पण गाणी अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, आणि तिच्यात ळ चा बऱ्याचदा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. लिबरऑफिसमधला मराठी शब्दकोश अशा प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारतो. पहिल्या दिवशी पूर्ण पान लाल झालं. आई म्हणाली, “मी चुकलेली नाही, गाणं असंच आहे.” खरंच होतं तिचं. मी तिला दाखवलं, शब्दावर माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि ‘शब्दकोशात टाका’ म्हणायचं, मग तो शब्द पुन्हा लाल होत नाही. आता ती एक गाणं संपलं की मागे जाऊन एकेक शब्द आत घालते. घालण्याआधी मोठ्यानं म्हणून बघते. काल रात्रीपर्यंत चारशे अकरा झाले.