प्रतिसाद: क्युरेटिंगही सांगा
एकच सिझर झालंय म्हणजे पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) गर्भाशयाला घट्ट चिकटून न सुटण्याची भीती नाही असं वर लिहिलंय, ते पटलं नाही. वार कुठे बसलीय तेही बघावं लागतं, ती खाली गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी धोका साधारण ११ टक्के आणि तिसऱ्याला ४० च्या आसपास जातो.

आणि क्युरेटिंगचं (गर्भाशयाची पिशवी आतून खरवडून साफ करणं) कोणीच बोललं नाही इथे, त्यानेही हा धोका वाढतो. माझ्या बहिणीने फॉर्मवर ते लिहिलंच नव्हतं, सोनोग्राफीत डॉक्टर जुन्या टाक्यापाशी प्रोब धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, "आधी कधी पिशवी साफ केली होती का?", तेव्हा ते निघालं. फायब्रॉइडचं ऑपरेशन, आयव्हीएफ झालं असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा, प्लीज.