एकाच फोटोत एकच माणूस दोनदा: ही जुनी गंमत फिल्मवर कशी जमवायची?

पेठकर_सोलापूर
जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना कॅबिनेट प्रिंट (स्टुडिओत काढलेला फोटो) आहे. एकच गृहस्थ डावीकडे फेटा बांधून यजमान, उजवीकडे बोडक्या डोक्यानं पाहुणा. स्वतःच स्वतःला चहा देतायत, आणि चेहरा कोर्टात उभं केल्यासारखा! दोन फोटो जोडलेत की एकाच काचेवर, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर, घेतलेत? गड्ड्याच्या जत्रेआधी ३५ एमएम फिल्मवर असाच काढायचाय. शुक्रवार पेठेतल्या घरी उत्तरेची खिडकी आहे.

काळीपेटी
प्रिंट उजेडात तिरपा धरा. कापल्याची कड दिसली तर जोडकाम. कड नाही, पण मधोमध उभा फिका किंवा काळपट पट्टा आहे, तर बहुधा एकाच काचेवर दोनदा.

तुमच्यासाठी: काळ्या पुठ्ठ्याची सरळ कड भिंगाच्या ३-४ सेंमी पुढे, बरोबर मध्यावर. डावी बाजू झाकून एक, उजवी झाकून दुसरा. पुठ्ठा भिंगाला चिकटवलात तर विभागणी फार पसरट होते. अर्ध्याहून जास्त झाकलं तर प्रिंटवर काळा पट्टा, कमी झाकलं तर पांढरा. भिंगातलं छिद्र (ॲपर्चर) जितकं लहान तितकी सांध्याची रेघ कडक, म्हणून छिद्र एफ/८ पेक्षा लहान (एफ/११, १६) करू नका. व्ह्यूफाइंडर उघड्या छिद्राचं चित्र दाखवतो. छिद्र निवडलेल्या मापाला आणून दाखवणारं प्रिव्ह्यू बटण दाबूनच सांधा तपासा.

एक्स्पोजर दोन्ही वेळा पूर्ण द्या. निम्मं करणं ही नेहमीची चूक. इथे फिल्मचा प्रत्येक भाग एकदाच उजळतो.

दुसऱ्यांदा शटर चढवताना रिवाइंडची मूठ घट्ट धरा, कॅमेऱ्याच्या तळाचं रिवाइंडचं बटण दाबा, मग फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढा. तरी फिल्म केसभर सरकतेच. म्हणून टेबलावर सोलापुरी चादर घालायचा मोह आवरा, नक्षी मधोमध तुटली की चोरी उघडी.

निगेटिव्हवाला
कोर्टातला चेहरा अर्धा त्या काचेमुळेही असेल. जुन्या काचांना तांबडा रंग दिसत नसे. कुंकू काळं, गालांची लाली काळपट, सुरकुत्या ठळक. म्हणून तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत. गंमत हसण्यात शोधूच नका, नजरेत असते. बसल्यावर डोळे येतात त्या उंचीवर समोरच्या खुर्चीमागे खूण करा, दोन्ही वेळा तिथेच बघायचं. यजमान गंभीर, पाहुण्याची एक भुवई वर, बस्स. कप मध्यरेषेच्या चार बोटं अलीकडेच थांबवा, सांध्यात शिरलेला हात आरपार दिसतो.

रीळ१२०
फेट्याचा फोटो आधी घ्या. नंतर फेटा बांधत बसलात तर खिडकीचा उजेड बदलतो. उतरवायला क्षण पुरतो. केस तेवढे विंचरा.