प्रतिसाद: खुंटी, आग आणि ब्लॅक रॉकची जमीन
कॅकोफनी सोसायटी या सॅन फ्रान्सिस्कोच्या हौशी मंडळींनी 1990 मध्ये ‘झोन ट्रिप 4’ या सहलीत लाकडी पुतळा अमेरिकेतल्या नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात नेला आणि तिथे ‘बर्निंग मॅन’ मेळा रुजला, इथवर चर्चा झालीच आहे. ‘मेळ्यात तंबूच्या खुंट्यांवर उंच मांडणी टिकते का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलंय. नाही टिकत. तिथे वाळू नाहीच; आटलेल्या सरोवराची क्षारयुक्त चिकणमाती आहे. वरचा पापुद्रा भुसभुशीत, त्यामुळे साधी खुंटी पहिल्याच वावटळीत उपटते. बांधकामाची 12 मिमी सळई घ्या, दोन फुटांची, वरचं टोक हुकासारखं वाकवलेली, आणि हूक जमिनीला टेकेपर्यंत ठोका. सळई न वाकवता सरळच ठोकली असेल, तर तिच्या टोकावर जुना टेनिस बॉल खोचाच. अंधारात नडगी फुटते ती इथेच. काढताना पकडीने आधी गोल फिरवा, मग ओढा.

काही जाळायचं असेल तर उंच लोखंडी चौथऱ्यावर किंवा मुरमाच्या जाड थरावर. थेट जमिनीवर जाळलं की माती विटेसारखी भाजते, डाग राहतो. राखेतले खिळे चुंबकाने वेचा, नाहीतर पुढच्याचं टायर गेलं.

पाऊस आला तर जमीन वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही. क्षाराने पाय फुटतात. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून धुवा.