मदत हवी आहे: ओपलचा थर वाळताना तडकतो

३०० नॅनोमीटरचे सिलिकाचे गोळे इथेनॉलमध्ये मिसळून काच त्यात उभी ठेवते. द्रव हळूहळू उडतो, गोळे आपोआप नीट थरांत रचले जातात, हाच माझा ओपल. समोरून झकास लाल, काच तिरकी केली की हिरवट! पण वाळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर भेगाच भेगा, भेगाळलेल्या शेतासारख्या. यात पुढे लेझरने प्रकाशाची वाट (वेव्हगाइड) कोरायची आहे, मग सिलिकॉन भरून सिलिका काढून टाकायची. कारण नुसत्या सिलिकाच्या ओपलमध्ये पूर्ण बँडगॅप, म्हणजे कुठल्याच दिशेने जाऊ न शकणाऱ्या प्रकाशाचा पट्टा, मिळतच नाही. भेगेतून प्रकाश विखुरला तर वेव्हगाइड कसला? गोळ्यांतलं पाणी उडून ते आकसतात, हेच कारण असावं. रचण्याआधीच गोळे भट्टीत तापवून घेतले तर ते एकमेकांना चिकटून बसतील का? कुणी करून पाहिलंय? तापमान किती ठेवलंत, आणि नंतर गोळे पुन्हा सुटे कसे केलेत?