पार्टीत पाहुण्यांना कामाला लावावं का?

मोरपंख
घरी पंधरा-वीस जण येणार असले की दोन काळज्या लागतात. जेवण वेळेवर व्हायला हवं आणि कुणी कंटाळता कामा नये. माझं म्हणणं, या दोन गोष्टी वेगळ्या धरूच नका. उकडलेला पास्ता, भाज्या, चीज, दोन-तीन सॉस टेबलावर मांडा आणि ज्याची त्याला बशी भरू द्या. पिझ्झा तर प्रत्येकाने आपला आपणच सजवावा. एकमेकांना न ओळखणारे दोघं शेजारी उभे राहून काही करायला लागले की "तू त्यात काय घातलंस?" असं आपसूक निघतं. शिवाय कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला तिखट सोसत नाही, त्याची आधी चौकशी करत बसावं लागत नाही.

निवांत
साफ असहमत. आठवडाभर राबलेला माणूस दोन घटका टेकायला येतो. त्याच्या हातात भरलेली बशी द्यावी, यात माया आहे. बुजऱ्या माणसाला तर परक्या घरात सगळ्यांसमोर काही करून दाखवायचं म्हणजे धास्तीच. त्यापेक्षा मोठं पातेलंभर सूप किंवा रस्सा आदल्या दिवशी करून ठेवा. मुरला की चव वाढते, आणि आयत्या वेळी फक्त गरम करायचं असल्यामुळे यजमानही सगळ्यांत बसतो. यजमानच टेबलाभोवती धावत असेल तर पाहुणे भेटायला आले तरी कुणाला?

कढईवाली
माझा आक्षेप वेगळा आहे. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन पिझ्झे मावतात. दार उघडून उष्णता जाते ती धरून एका फेरीला १५ मिनिटं लावा. १६ जणांना ८ फेऱ्या, म्हणजे दोन तास! पहिला खाऊन मोकळा होतो आणि शेवटचा उपाशी ताटकळतो. म्हणून पाहुण्यांनी सजवायचं असेल तर शिजवणं त्याआधीच उरकलेलं हवं. भाजलेले बटाटे यासाठी फार उत्तम. मोठे बटाटे २०० अंश सेल्सिअसला तासाभरात होतात, एका ट्रेमध्ये डझनभर बसतात, वर लोणी, मका, राजमा, चीज ज्याला जे हवं ते. टेबल भिंतीला लावू नका, मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी घेता येतं आणि रांग निम्मी होते.

आणि मोरपंख, शेंगदाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते धोक्याचं आहे. खुल्या टेबलावर एका वाडग्यातला चमचा दुसऱ्यात जातोच. ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याला तेवढं पुरतं. आधी विचारायलाच हवं, आणि तो पदार्थ त्या दिवशी घरात न आणणं सगळ्यात बरं. शिजवलेलं अन्न, चीज, कापलेली फळं दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. छोटे वाडगे मांडून फ्रिजमधून भर घालत राहा.

मोरपंख
ॲलर्जीचं विचारायलाच हवं, मान्य. पण पिझ्झा मी सोडणार नाही. 😊 चौघांत एक मोठा चौकोनी ट्रे द्या. १६ जणांचे चार ट्रे, वरखाली दोन ठेवले की दोन फेऱ्यांत काम होतं. मध्येच वरचा खाली आणि खालचा वर करायचा, म्हणजे दोन्ही सारखे भाजतात. शिवाय चौघं मिळून ठरवतात तेव्हाच खरी मजा येते.

पायवाट
खेळांबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या मते जो खेळ बघायलाही मजा येते तोच पार्टीचा. जेंगा घ्या. ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढून वर ठेवायचा, मनोरा पडू द्यायचा नाही. १९८३ साली बाजारात आला, ५४ लाकडी ठोकळे, नियम एका वाक्यात सांगून होतात. खेळणारा एक आणि श्वास रोखून बघणारे दहा. दम शेराजसारख्या, म्हणजे न बोलता हावभावांनी नाव ओळखायला लावायच्या खेळात अभिनय नको वाटणाऱ्याला घड्याळ सांभाळू द्या, तोही संघातच असतो. सगळ्यांना गोलात उभं करून "स्वतःबद्दल एक गंमत सांगा" म्हणणं मात्र टाळा. त्यात माणसं आक्रसतात.

निवांत
जेंगाला हरकत नाही, पण तो कोपऱ्यातल्या टेबलावर मांडून ठेवा, ज्याला वाटेल तो जाईल. माझा राग आहे तो "चला, आता खेळ!" या घोषणेवर. चौघांच्या गप्पा अगदी रंगात आलेल्या असतात आणि त्या मोडून सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात. त्या गप्पांसाठीच तर लोक आलेले असतात.

मोरपंख
ते चौघं एकमेकांचे जुने मित्र म्हणून गप्पा रंगल्या. पाचवा कुणालाच ओळखत नाही, त्याने काय करायचं?

निवांत
त्याला यजमानाने हाताला धरून त्या चौघांत नेऊन बसवायचं, दोघांना जोडणारा एखादा विषय काढून द्यायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा डोकावायचं. मी पातेल्याचं म्हणतोय ते यासाठीच, की यजमानाला एवढी उसंत मिळावी.

कढईवाली
वीस जणांत असे पाच-सहा एकटे असले तर यजमान पुरा पडत नाही, निवांत. तिथे मी बटाट्यांचं टेबलच मांडेन. आठ जणांपर्यंत तुमचं पातेलं.